रुग्णालय रुग्णाच्या घरी : सेवेचे स्वरूप, खर्च आणि मर्यादा



'पेशंटला आता घरी न्या' या वाक्याला आपल्या समाजात एक जुना, जड अर्थ चिकटलेला आहे. डॉक्टरांच्या तोंडून ते निघाले की नातेवाईक एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी बाहेर जाऊन गावाकडे फोन लावतो. ज्या सेवेविषयी येथे लिहावयाचे आहे, तिच्या वाटेतील पहिली अडचण औषधांची वा यंत्रांची नव्हती, या वाक्याची होती. पायाच्या सेल्युलायटिससाठी, म्हणजे त्वचेखालील पेशींच्या दाहासाठी, दाखल झालेल्या एका वृद्ध बाईंचे उरलेले उपचार घरी करता येतील असे आम्ही सुचविले. त्यांच्या कन्येने आम्हाला कक्षाबाहेर बोलावून विचारले, "खरे काय ते सांगा, आईचे किती दिवस राहिलेत?" बाईंचा ताप उतरला होता, पायाची सूजही ओसरत होती. त्यांना केवळ आणखी काही दिवस शिरेतून प्रतिजैविक द्यावयाचे होते. त्या दिवसापासून आमच्या कर्मचाऱ्यांनी 'घरी पाठवतो' हा शब्दप्रयोग सोडला आणि 'घरी दाखल करून घेतो' असे म्हणण्यास प्रारंभ केला. हा शब्दांचा खेळ वाटेल. पण सेवेचे स्वरूप त्यातूनच नेमके कळते.

रुग्णाला घरी सोडणे म्हणजे केसपेपर बंद करणे. येथे तो बंद होत नाही. रुग्ण आंतररुग्ण म्हणून आमच्याच नोंदवहीत राहतो, उपचारांची जबाबदारी त्याच तज्ज्ञ डॉक्टरांकडे असते, तापमान, नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूचे प्रमाण यांचा तक्ता तसाच भरला जातो. बदलते ती केवळ खाटेची जागा. एखाद्या ब्यूरोकडून बारा तासांसाठी आया किंवा वॉर्डबॉय ठेवण्याची पद्धत पुण्यात सर्वपरिचित आहे. ती सेवा मोलाची आहे, परंतु ती शुश्रूषा होय. आम्ही म्हणतो ते तीव्र आजारावरील उपचारांविषयी, जो आजार एरवी रुग्णास रुग्णालयात झोपवूनच बरा केला गेला असता.

ही कल्पना आमची नाही आणि नवीही नाही. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयाने डॉ. ब्लूस्टोन यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये घरी उपचार देण्याचा कार्यक्रम सुरू केला. फ्रान्समध्ये पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांनी १९५७ मध्ये हीच वाट धरली आणि १९७० च्या रुग्णालयविषयक कायद्याने तेथे तिला मान्यता मिळाली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. ब्रूस लेफ यांनी सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया, हृदयाची क्षीणता, फुप्फुसाच्या जुनाट विकाराचा जोर आणि सेल्युलायटिस या चार आजारांच्या ४५५ वृद्ध रुग्णांचा त्यात समावेश होता. घरी उपचार घेणाऱ्यांचे उपचार सरासरी ३.२ दिवसांत संपले, तर रुग्णालयातील रुग्णांना ४.९ दिवस लागले. आमच्या डॉक्टरांना त्यातील आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. वृद्धांना रुग्णालयात जो भ्रम होतो, रात्री उठून 'मला घरी जायचंय' म्हणत सुया उपसणे, मुलाला न ओळखणे, त्याचे प्रमाण रुग्णालयात २४ टक्के, तर घरी ९ टक्के आढळले. ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी अतिदक्षता विभागाबाहेरच्या एखाद्या रात्री असे केले आहे, त्यांना या दोन आकड्यांतील अंतर समजावून सांगावे लागणार नाही.

कोविडच्या काळात, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकन शासनाने अशा उपचारांचे पैसे रुग्णालयांना देण्याची विशेष तरतूद केली आणि तेथे या सेवेचा मोठा प्रसार झाला.

तथापि केवळ पाश्चात्त्यांचेच दाखले देणे आपल्या देशावर अन्याय करण्यासारखे होईल. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवले पाहिजे असे सारे जग मानत असताना मद्रास येथील क्षयरोग केंद्राने १९५६ पासून एक प्रयोग केला. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये विश्रांती, सकस आहार आणि परिचारिका देण्यात आल्या. काहींना तीच औषधे देऊन त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच ठेवण्यात आले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे बरे होणे जवळजवळ सारखे ठरले आणि घरच्या माणसांना होणारा संसर्गही वाढलेला दिसला नाही. जगभरची सॅनिटोरियमे पुढे ओस पडली, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. आणि आपल्याच राज्यातील गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, जेथे रुग्णालय हाताशी नव्हतेच अशा ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरीच उपचार केले, जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा दिले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. 'लॅन्सेट'मध्ये हे १९९९ साली छापून आले. पदव्युत्तर डॉक्टर, प्रयोगशाळा आणि रुग्णवाहिका बाळगणाऱ्या शहरी रुग्णालयाने 'हे आपल्याकडे कसे जमणार' असे म्हणताना थोडे अडखळावे, असा हा दाखला आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. रुग्ण प्रथम रुग्णालयातच येतो. तपासण्या होतात, निदान होते आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा रुग्णालयातच दिली जाते. कारण औषधाची तीव्र प्रतिक्रिया आलीच तर ती बहुधा पहिल्या मात्रेला येते आणि त्या वेळी डॉक्टर जवळ असले पाहिजेत. प्रकृती स्थिर आहे अशी खात्री झाली की रुग्णाला आमच्या वाहनाने घरी पोहोचविले जाते. त्यानंतर सकाळी आणि सायंकाळी परिचारिका घरी जाते. सकाळच्या फेरीत डॉक्टर बरोबर असतात, किंवा ती तेथून दूरध्वनीवर चित्र दाखवून डॉक्टरांशी बोलते. एक दिवसाआड मात्र डॉक्टरांनी स्वतः गेलेच पाहिजे असा आमचा नियम आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी दिवसातून एकदा देता येणारी प्रतिजैविके अशा सेवेस सोयीची पडतात. हृदयाच्या क्षीणतेत अंगात पाणी साठलेल्या रुग्णास लघवी वाढविणारे इंजेक्शन दिले जाते, रोज सकाळी एकाच काट्यावर वजन घेतले जाते, लघवी मोजून लिहिली जाते आणि पोटॅशियमसाठी रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत आणला जातो. वजन दोन दिवस उतरलेच नाही, तर रुग्णाला परत आणले जाते.

वापरलेल्या सुया, नळ्या आणि बोळे घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, नळ्या लाल पिशवीत आणि रक्त लागलेले बोळे पिवळ्या पिशवीत घालून परिचारिका ते सर्व परत आणते. परिचारिकेच्या पिशवीत स्टेथोस्कोपच्या शेजारी हा डबा पाहून पुष्कळ कुटुंबांना नवल वाटते. सलाईनसाठी आम्ही घडीचा स्टँड नेतो. मात्र सदाशिव आणि शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत भिंतीतल्या शिसवी खुंट्या इतक्या योग्य उंचीवर असतात की स्टँड बऱ्याचदा कोपऱ्यातच राहतो.

कोणाला ही सेवा देता येत नाही, हे स्पष्ट सांगणे आम्ही अधिक महत्त्वाचे मानतो. छातीत दुखणारा रुग्ण, पक्षाघाताचा नवा झटका, घसरणारा रक्तदाब, वाढत जाणारी प्राणवायूची गरज, शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता, यांपैकी काहीही असेल तर रुग्ण घरी जात नाही, कुटुंबाने कितीही आग्रह केला तरी. घरात रात्री दुसरे कोणी नसेल तरीही नाही. मुले परदेशी असलेले वृद्ध दांपत्य हे आपल्या भागातील नित्याचे चित्र आहे आणि त्यांनाच ही सेवा सर्वाधिक हवी असते. परंतु ऐंशीच्या पत्नीने ब्याऐंशीच्या पतीला रात्री उठवून बसवावे, ही अपेक्षा धरून आम्ही कागदावर सही घेऊ शकत नाही. अशा दांपत्यांना नकार देताना आम्हाला वाईट वाटते, आणि तो नकार आम्ही अद्याप बदललेला नाही.

दुसरी मर्यादा अंतराची. बोलावणे आल्यापासून तीस मिनिटांत पोहोचता आले पाहिजे, या हिशेबाने पेठा, डेक्कन, दांडेकर पूल आणि पर्वती पायथा एवढाच परिसर आम्ही घेतला आहे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि लक्ष्मी, केळकर, कुमठेकर व टिळक हे चारही रस्ते तिने व्यापलेले असतात. त्या दिवसांत आम्ही घरी नवा रुग्ण घेत नाही आणि जे असतील त्यांना आदल्या दिवशी रुग्णालयात आणतो. गणपतीतच वडिलांना घरून हलविण्याचे दुःख काही कुटुंबांनी बोलून दाखविले. त्यांचे म्हणणे आम्हास समजते.

येथे आमच्याकडून झालेली एक चूक नोंदविणे आवश्यक आहे. फुप्फुसाच्या जुनाट विकाराचे एक गृहस्थ घरी दाखल होते. रात्री दोनच्या सुमारास धाप वाढली, मुलाने दिलेल्या क्रमांकावर फोन केला, निवासी डॉक्टरांनी तत्काळ वाहन पाठविले. वाहन गल्लीच्या तोंडाशी वेळेत पोहोचले. गल्लीत दुतर्फा लावलेल्या गाड्यांमुळे ते आत जाऊ शकले नाही, वाड्याचा जिना इतका अरुंद निघाला की स्ट्रेचर वळेना, आणि शेजाऱ्यांच्या मदतीने रुग्णाला लाकडी खुर्चीत बसवून खाली आणेपर्यंत जवळजवळ तास गेला. ते गृहस्थ पुढे बरे होऊन घरी गेले. पण त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन शांतपणे म्हणाला, "तुम्ही औषधाची सगळी माहिती विचारलीत. जिन्याची कोणी विचारली नाही." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता रुग्ण घरी नेण्यापूर्वी आमचा माणूस तो जिना स्वतः चढून येतो, रात्री गल्लीत गाड्या कोठे लागतात ते विचारतो, आणि वाहनात उचलण्याची घडीची खुर्ची कायम असते. अशा तपासणीनंतर काही घरे आम्ही नाकारली आहेत, तीही रुग्ण सेवेस सर्वार्थाने योग्य असताना.

प्राणवायूच्या यंत्रासंबंधी दोन शब्द. मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज घेतो, म्हणजे दिवसभर चालविल्यास सुमारे आठ युनिट. मध्यमवर्गीय कुटुंबास हा आकडा किरकोळ वाटेल. दांडेकर पुलाच्या वस्तीत तो किरकोळ नाही. रुग्णालयात प्राणवायूच्या विजेचा पैसा रुग्णाला वेगळा द्यावा लागत नाही, मग घरी का द्यावा, हा प्रश्न एका रिक्षाचालकाच्या पत्नीने विचारला आणि तो रास्त होता. निर्धन रुग्णांच्या बाबतीत ही रक्कम संस्था देते. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून यंत्रासोबत बी प्रकारचा सिलिंडर ठेवला जातो. मिनिटाला दोन लिटर या वेगाने तो सुमारे बारा तास पुरतो.

कुटुंबावर पडणारा भार हा या सेवेचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि आरंभी आम्ही त्याचा नीट विचार केला नव्हता. संमतिपत्रावर सही करावयास मुलगा येत असे. घरी गेल्यावर परिचारिकेस आढळे की रात्रीची औषधे, भांडे देणे, अंथरूण बदलणे हे सारे सुनेकडे आहे, आणि संमतीच्या वेळी ती खोलीतच नव्हती. एका सूनबाईंनी परिचारिकेस सांगितले, "सिस्टर, आमच्याकडे दवाखाना आला, पण माझी रजा संपली." आता संमतिपत्रावर दोन सह्या लागतात. दुसरी सही प्रत्यक्ष करणाऱ्या व्यक्तीची असते, ती घेताना परिचारिका तिच्याशी एकटीने बोलते, आणि तिने 'नाही' म्हटल्यास कारण न विचारता रुग्ण कक्षातच ठेवला जातो. तसेच कोणत्याही क्षणी परत येण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबास आहे. त्यासाठी दोन खाटा सदैव रिकाम्या ठेवल्या जातात.

या दोन रिकाम्या खाटांवरून आपण हिशेबाकडे वळू, कारण त्यांवर विश्वस्त मंडळात बरीच चर्चा झाली. घरी उपचार स्वस्त पडतात असे सर्रास म्हटले जाते. बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयाने चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ९१ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात घरचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा जसाच्या तसा आपल्या ताळेबंदात उतरणार नाही. तेथे रुग्णालयातील खाटेचा खर्च अतोनात आहे. आपल्याकडे सर्वसाधारण कक्षातील खाट मुळातच स्वस्त आहे. शिवाय जमाखर्चाचे एक साधे तत्त्व येथे विसरता येत नाही. रुग्ण घरी गेला म्हणून रात्रपाळीचे वेतन, लिफ्टचा देखभाल करार किंवा प्राणवायूच्या वाहिनीचा खर्च त्या दिवशी कमी होत नाही. हे स्थिर खर्च आहेत. खाट भरलेली असो वा रिकामी, ते होतातच. उलट घरच्या सेवेचा खर्च वर नव्याने पडतो: परिचारिकेचा प्रवास, वाहन, यंत्रे. वॉर्डात ती एका पाळीत जितक्या रुग्णांकडे पाहते, त्याच्या निम्म्यांकडेही रस्त्यावर असताना तिला पाहता येत नाही.

मग लाभ कोठे आहे? रिकामी झालेली खाट जेव्हा परत पाठवाव्या लागणाऱ्या दुसऱ्या रुग्णास मिळते, तेव्हाच. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा आमच्या स्वागतकक्षात 'खाट शिल्लक नाही' हे शब्द दिवसातून अनेकदा उच्चारावे लागतात. त्या महिन्यांत घरची सेवा खऱ्या अर्थाने नव्या खाटा निर्माण करते. फेब्रुवारीत, कक्ष अर्धा रिकामा असताना, तीच सेवा संस्थेस तोट्यात नेते. तरीही ती वर्षभर चालू ठेवण्याचा निर्णय मंडळाने घेतला, कारण प्रशिक्षित परिचारिका चार महिन्यांपुरत्या मिळत नाहीत, आणि वृद्धाचा भ्रम ऋतू पाहून येत नाही. शुल्क आम्ही सर्वसाधारण कक्षाइतकेच ठेवले आहे. ते कमी असावे असे काही सभासदांचे मत आहे. वरील कारणांस्तव तूर्त ते शक्य नाही.

आरोग्य विम्याबाबत रुग्णांनी आधीच सावध असावे. पॉलिसीत 'डोमिसिलिअरी' उपचारांची जी व्याख्या असते, तिच्यानुसार रुग्ण हलविण्याच्या स्थितीत नसेल किंवा रुग्णालयात जागा नसेल, तरच घरच्या उपचारांचा खर्च मिळतो. अनेक पॉलिसींत तीन दिवसांहून अधिक काळाची अट असते आणि दमा, ब्राँकायटिस यांसारखे आजार वगळलेले असतात. आमचा रुग्ण हलविण्याजोगा असतो. म्हणून तर तो घरी जाऊ शकला! तेव्हा दावा नामंजूर होण्याची शक्यता गृहीत धरून, रुग्ण हलविण्यापूर्वी विमा कंपनीचे लेखी उत्तर मागवावे. त्यासाठी आमच्या विमा कक्षात साहाय्य मिळेल. उत्तर प्रतिकूल आल्यास रुग्णाने कक्षातच राहावे, असाच सल्ला आम्ही देतो.

धर्मादाय रुग्णालय या नात्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे, हे आमचे कर्तव्य आहे. घरची खाट आम्ही या गणनेत धरलेली नाही आणि धरणारही नाही. गरीब रुग्णास घरी धाडून राखीव खाट मोकळी केली, असा संशयसुद्धा निर्माण होऊ नये, ही त्यामागील भूमिका आहे. अशा रुग्णाच्या घरच्या उपचारांचा खर्च देणग्यांतून होतो.

आणि म्हणून शेवटी देणगीदारांकडे एक विनंती. आपल्या अनेक खाटांच्या उशाशी संगमरवरी वा पितळी पट्ट्या आहेत, कुणाच्या मातोश्रींच्या, कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ. आमच्या एका जुन्या देणगीदारांनी विचारले, "घरच्या खाटेवर तुम्ही आमच्या आईचे नाव कुठे लावणार?" लावता येणार नाही, हे खरे. कॉन्सन्ट्रेटरच्या पेटीवर लहानशी अक्षरे कोरता येतात. परिचारिकेच्या वर्षाच्या वेतनाला तीही जागा नसते, आणि आज सर्वाधिक निकड त्याच देणगीची आहे. पावतीवर आणि पुढील अहवालातील यादीत मात्र नाव अवश्य येईल. वरील देणगीदारांनी आठवडाभर विचार केला आणि एका परिचारिकेचे सहा महिन्यांचे वेतन धनादेशाने पाठविले. सोबतच्या चिठ्ठीत, आईला वाड्याचा जिना फार अवघड जात असे, एवढेच त्यांनी लिहिले होते.

कोणाच्या घरी आप्तांच्या आजारपणानंतर कॉन्सन्ट्रेटर, टेकू देणारी खाट किंवा चालू स्थितीतील इन्व्हर्टर पडून असल्यास कृपया तळमजल्यावरील प्रशासन कार्यालयात कळवावे. तंत्रज्ञाकडून तपासून घेण्याचा आणि वाहून आणण्याचा खर्च संस्था करील. सेवेसाठीची चौकशी आंतररुग्ण नोंदणीच्या खिडकीवर रविवार धरून सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेत करता येईल.